चमकणारा ससा, रेशमाची शेळी, डुकराचं हृदय: असले प्रयोग करतात तरी कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही शाळेत जीवशास्त्र शिकवता. जनुकीय अभियांत्रिकीचा धडा आला की मुलं मोबाइलवर हिरवा चमकणारा ससा, दुधातून कोळ्याचं रेशीम देणारी शेळी, माणसाला बसवलेलं डुकराचं हृदय अशी चित्रं काढून दाखवतात आणि विचारतात, "हे खरं आहे का? आणि असलं कशासाठी करतात?" यातलं खरोखर उपयोगाचं किती, आणि वर्गात काही करून दाखवता येईल का, या दोन गोष्टी तुम्हाला हव्या आहेत.

खरं आहे का, तर आहे. तुम्ही दिलेल्या यादीतलं एकही उदाहरण बनावट नाही.

माझ्याबद्दल आधीच सांगते, म्हणजे पुढचं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. एका जिवाचं जनुक दुसऱ्यात घालायचं आणि त्याच्याकडून प्रथिन बनवून घ्यायचं, हे काम मी बावीस वर्षं करते आहे. माझे जीव मात्र अगदीच साधे, ई. कोलाय जिवाणू आणि यीस्ट. शेळ्या-डुकरांवर मी कधी काम केलेलं नाही. त्यांच्याबद्दल जे लिहीन ते प्रसिद्ध झालेल्या कामावरून, आमच्या धंद्याच्या नजरेने जोखलेलं.

मुलांच्या प्रश्नात एक गृहीत दडलेलं आहे. एखादी गोष्ट इतकी विचित्र दिसते म्हणजे ती एकतर फार मोठी असणार, नाहीतर निव्वळ चाळा असणार. माझ्या पाहण्यात विचित्रपणाचा उपयोगाशी फारसा संबंध येत नाही. जनुक आत घालणं हा आता या कामातला सोपा भाग झाला आहे. प्रयोग तगतो की मरतो हे त्यानंतरच्या कंटाळवाण्या गोष्टींवर ठरतं. प्रथिनाची घडी नीट बसते का, ते बाहेर काढून शुद्ध करता येतं का, आणि तेच काम कोणी याहून साध्या रस्त्याने आधीच करतंय का.

सशापासून सुरू करू, कारण त्यात गैरसमज सगळ्यात जास्त आहेत.

तो हिरवा रंग एका जेलीफिशकडून आलेला आहे. ओसामू शिमोमुरा यांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हजारो जेलीफिश गोळा केले आणि 1962 मध्ये त्यांच्यातून हे हिरवं प्रथिन वेगळं केलं. आम्ही त्याला जीएफपी (ग्रीन फ्लुओरेसंट प्रोटीन) म्हणतो. डग्लस प्रॅशर यांनी 1992 मध्ये त्याचं जनुक वेगळं काढलं आणि 1994 मध्ये मार्टिन चाल्फी यांनी ते जिवाणूत आणि एका सूक्ष्म कृमीत घालून दाखवलं. त्या प्रयोगाने आमचं सगळं क्षेत्र का हादरलं, ते मुलांना जरूर सांगा. तोपर्यंत अनेकांना वाटत होतं की हे प्रथिन चमकायचं तर जेलीफिशमधली आणखी चार एन्झाइम्स लागतील. तसं काही लागलं नाही. 238 अमिनो आम्लांची ही साखळी स्वतःच घडी घालते आणि तिच्यातलीच शेजारशेजारची तीन अमिनो आम्लं एकमेकांशी जोडून घेऊन रंगद्रव्य तयार करतात. वरून फक्त ऑक्सिजन लागतो. म्हणजे एकच जनुक उचलून कुठल्याही पेशीत टाका, पेशी हिरवी. शिमोमुरा, चाल्फी आणि रॉजर त्सियन यांना 2008 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते यासाठी. प्रॅशर त्या वेळी गाडी चालवायची नोकरी करत होते. हे विषयाला सोडून आहे, पण मुलांना विज्ञानाचा हाही चेहरा दिसलेला बरा.

आता गैरसमज. तो ससा अंधारात चमकत नाही. त्याच्यावर निळा किंवा अतिनील प्रकाश टाकला तर तो हिरवा प्रकाश परत देतो. दिवा बंद केला की इतर सशांसारखाच दिसेल. खरोखर स्वतःहून चमकणं वेगळं. काजव्याचं एन्झाइम घातलेलं तंबाखूचं रोप 1986 मध्येच तयार झालं होतं, पण ते उजळायला त्याला बाहेरून एक रसायन पाजावं लागायचं. त्यानंतर एका चमकणाऱ्या अळंबीची जनुकं वनस्पतींत घातली गेली आणि मग रोप आपलं आपणच मंद हिरवं उजळू लागलं. तसा पेटुनिया 2024 पासून अमेरिकेत कुंडीत लावायला विकतही मिळतो. उपयोग? शोभा. मला त्यात काही वाईट वाटत नाही.

आणि जीएफपीच्या चमकण्याचा उपयोग काय? मी एका दिवसाचं काम सांगते. बर्फावरच्या छोट्या नळीत जिवाणू असतात. त्यात मायक्रोलिटरभर डीएनए टाकायचा, अर्धा तास बर्फातच ठेवायचं, मग नळी 42 अंशांच्या पाण्यात बरोबर 45 सेकंद धरायची आणि लगेच परत बर्फात. त्या धक्क्याने काही मोजक्या जिवाणूंत डीएनए शिरतो. कोट्यवधींपैकी मूठभर. ते अगरच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीच्या, प्लेटवर पसरून रात्रभर 37 अंशांवर ठेवले की सकाळी इन्क्युबेटरचं दार उघडताच तो ओळखीचा उग्र वास येतो आणि प्लेटवर मोहरीएवढे पांढरट ठिपके दिसतात. पण आपलं जनुक आत नुसतं बसलंय की काम करतंय, हे त्या पांढऱ्या ठिपक्याकडे बघून कळत नाही. माझ्या जनुकाच्या शेपटीला जीएफपी जोडलेलं असेल तर मात्र निळ्या दिव्याखाली प्लेट धरली की झालं. हिरवे ठिपके उचलायचे, पांढरे सोडायचे. दोन दिवसांचं काम दोन मिनिटांत होतं.

थोडक्यात जीएफपी ही आमची खूणचिठ्ठी आहे. 2011 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या गटाने हिरवी मांजरं जन्माला घातली तेव्हा सगळीकडे चमकणाऱ्या मांजराचाच फोटो झळकला. पण खरा प्रयोग शेजारच्या दुसऱ्या जनुकाचा होता. ऱ्हीसस माकडाचं एक जनुक मांजरात घातलं तर मांजराला होणारा, माणसाच्या एचआयव्हीचा भाऊबंद असलेला विषाणू अडवता येतो का, हे त्यांना पाहायचं होतं. हिरवा रंग फक्त सांगत होता की जनुकं पोचली. तुमच्या मुलांनी दाखवलेला ससा मात्र बहुधा 2000 सालातली ती प्रसिद्ध आल्बा असावी. एदुआर्दो काक नावाच्या कलाकाराने एका फ्रेंच प्रयोगशाळेतल्या सशाला कलाकृती म्हणून जगापुढे आणलं होतं. तिथे उपयोगाचा प्रश्नच नव्हता, वाद घडवून आणणं हाच हेतू होता आणि तो साधला.

चमकणाऱ्या झेब्रा माशांची कथा याच्या उलट आहे. सिंगापूरच्या विद्यापीठात ते केले जात होते ते पाण्यातलं प्रदूषण ओळखण्यासाठी, म्हणजे विषारी द्रव्य आलं की मासा चमकेल, अशा कल्पनेने. तिथून ते 2003 च्या अखेरीला पोचले अमेरिकेतल्या घरगुती काचपेटीत, शोभेचे मासे म्हणून. उपयोग शोधायला निघालेल्या माणसाला खेळणं सापडतं असंही होतं.

आता शेळी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या स्वतःच्या कामातला सगळ्यात मोठा ताप या एका उदाहरणात आहे.

कोळ्याचा लोंबता धागा वजनाच्या मानाने कमालीचा चिवट असतो. मग कोळीच का पाळू नयेत? कारण ते एकत्र ठेवले की एकमेकांना खातात. रेशीमकिड्यासारखे ट्रेमध्ये गुण्यागोविंदाने राहत नाहीत. मादागास्करमध्ये रानातले कोळी पकडून, एकेकाचा धागा हाताने ओढून काढून एक सोनेरी वस्त्र विणलं गेलं आणि 2009 मध्ये ते प्रदर्शनात मांडलं गेलं. त्यासाठी दहा लाखांहून अधिक कोळी लागले. यावरून अंदाज करा.

म्हणून कल्पना निघाली की कोळी नको, नुसतं त्याचं जनुक घेऊ. मग पहिला पर्याय जिवाणूच. स्वस्त, वीस मिनिटांत दुप्पट होतात, वाढवायला टाकी पुरते. पण रेशमाच्या प्रथिनात तेच ते तुकडे शेकडो वेळा येतात, त्यातही ग्लायसिन आणि अॅलनिन ही दोनच अमिनो आम्लं ढिगाने. जिवाणूकडे इतकं ग्लायसिन वाहून आणायला पुरेसे हमाल नसतात, त्यामुळे साखळी अर्ध्यावर तुटते. शिवाय एकसारखे तुकडे दिसले की तो ते आपसात कापून-जोडून जनुकच आखूड करून टाकतो. मला रेशमाचा नाही, पण अशाच पुनरावृत्तीच्या एका प्रथिनाचा अनुभव आहे. सोमवारी लांब जनुक घातलं आणि शुक्रवारी तपासलं तर निम्मं गायब. जिवाणूला आपल्या प्रकल्पाशी काय देणंघेणं! त्याला जड ओझं नको असतं.

म्हणून शेळी. कॅनडातल्या नेक्सिया नावाच्या कंपनीने शेळीच्या जीनोममध्ये, म्हणजे तिच्या सगळ्या डीएनएच्या संचात, कोळ्याचं जनुक अशा स्विचच्या मागे बसवलं की ते फक्त दुधाच्या ग्रंथींतच चालू होईल. आमच्या भाषेत या स्विचला प्रमोटर म्हणतात. हे मुलांना नीट समजवा, कारण चित्रांमुळे त्यांच्या डोक्यात अर्धी शेळी अर्धा कोळी असं काहीतरी बसतं. शेळीच्या रक्तात, मांसात, केसांत रेशीम नव्हतं. ती दिसायला, वागायला, चरायला साधी शेळी. दुधात फक्त एक जास्तीचं प्रथिन.

आणि ते प्रथिन मिळालंही! मग रेशमाच्या दोऱ्या बाजारात का आल्या नाहीत? कारण प्रथिन म्हणजे धागा नव्हे. कोळ्याच्या पोटात ते घट्ट पाकासारखं साठवलेलं असतं. धागा होतो तो त्याच्या अरुंद होत जाणाऱ्या नळीत. तिथे आम्लता वाढत जाते, क्षार बदलतात, पाणी शोषून घेतलं जातं, आणि ओढ बसते तसे रेणू एका दिशेला रांगेत लागतात. ही नळी शेळीकडे नाही. दुधातून प्रथिन वेगळं करून, विरघळवून, सुईतून दाबून काढलं की धागा मिळतो खरा, पण कोळ्याच्या धाग्याची सर त्याला येत नव्हती. कंपनी पुढे बुडाली. शेळ्यांवरचं काम रँडी लुईस यांनी आधी वायोमिंग आणि मग युटामधल्या विद्यापीठात चालू ठेवलं.

या ठिकाणी मला माझीच एक नळी आठवते. माणसाचं एक प्रथिन मी जिवाणूत भरपूर बनवलं होतं. पेशी फोडल्या, सेंट्रिफ्यूज फिरवलं, आणि सगळं प्रथिन तळाशी खडूसारखा पांढरा गठ्ठा होऊन बसलं. घाईघाईने बनलेली, घडी चुकलेली, एकमेकांत गुंतलेली साखळ्यांची गाठोडी. मग ती दाट युरियात विरघळवायची आणि हळूहळू युरिया काढत बरोबर घडी बसते का ते पाहायचं. त्यात माझे सात महिने गेले. जनुक घालायला आठवडा लागला होता. रेशमाच्या शेळीबद्दल कोणी "मग फसलंच ना" म्हणालं की मला जरा लागतं, ते या गठ्ठ्यामुळे.

शिवाय फसलं म्हणताना दुधाची कल्पना फसली नाही, हे विसरू नये. धागा ओढावा लागत नाही असं प्रथिन घ्या, म्हणजे औषध. रक्ताची गुठळी रोखणारं माणसाचं अँटिथ्रॉम्बिन शेळीच्या दुधातून काढून एट्रिन नावाने युरोपात 2006 मध्ये आणि अमेरिकेत 2009 मध्ये मंजूर झालं. सशाच्या दुधातून काढलेलं रुकोनेस्ट हे अचानक अंगावर सूज आणणाऱ्या एका आनुवंशिक आजारावर वापरतात. एक एन्झाइम तर कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या बलकातून काढतात, त्या औषधाला 2015 मध्ये मंजुरी मिळाली. ही प्रथिनं जिवाणूत बनत नाहीत कारण त्यांच्यावर शर्करेच्या साखळ्या नीट जोडलेल्या लागतात आणि जिवाणूला ते जमत नाही. म्हणजे शेळी निवडली ती चमत्कारासाठी नाही, जिवाणूसारखा स्वस्त कारागीर इथे चालला नाही म्हणून. रेशमासाठी आता खुद्द रेशीमकिड्याच्या जीनोममध्येच कोळ्याचं जनुक बसवण्याकडे बरेच जण वळले आहेत. मला तो रस्ता जास्त पटतो. त्या किड्याकडे धागा ओढायची नळी आयतीच आहे.

तिसरी गोष्ट, साध्या रस्त्याची. कॅनडाच्या ग्वेल्फ विद्यापीठात 1999 मध्ये एन्व्हायरोपिग जन्मलं. धान्यातला बराच फॉस्फरस अशा रूपात असतो की डुकराला तो पचत नाही. तो विष्ठेतून बाहेर पडतो, पाण्यात जातो आणि तळी शेवाळाने भरतात. या डुकराच्या लाळेत ई. कोलायचं एक एन्झाइम तयार होई आणि तो फॉस्फरस तिथेच मोकळा होई. जीवशास्त्र म्हणून देखणं काम! पण तेच एन्झाइम पूड करून खाद्यात मिसळता येतं, आणि ती पूड बाजारात होतीच. शिवाय असं मांस लोक घेतील का याची खात्री कोणाला नव्हती. 2012 मध्ये पैसा थांबला आणि डुकरं मारण्यात आली. वीर्य गोठवून ठेवलं आहे. मुलांना हे उदाहरण द्या असं मी आग्रहाने सांगेन, कारण इथे प्रयोगात काहीही चुकलेलं नव्हतं.

मलेरियावरच्या आर्टेमिसिनिन या औषधाचं तसंच. यीस्टमध्ये कित्येक जनुकं बसवून त्याच्या आदल्या पायरीचं आम्ल बनवलं, 2013 पर्यंत लिटरमागे 25 ग्रॅम इतकं उत्पादन गाठलं. आमच्या कामात हा आकडा ऐकला की माणूस उठून उभा राहतो. पण शेतातल्या झाडापासून मिळणाऱ्या मालाचा भाव खाली आला आणि यीस्टचा माल महाग ठरला.

याउलट जे प्रयोग खरोखर जिंकले ते आता कोणाला विचित्र वाटतच नाहीत. माणसाचं इन्सुलिन बनवणारा जिवाणू 1982 पासून औषधाच्या दुकानात आहे. त्याआधी ते गुरांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. चीज विरजायचं एन्झाइम पूर्वी वासराच्या जठरातून येई. 1990 पासून ते जनुक बदललेल्या सूक्ष्मजीवांकडून मिळतं. याचे फोटो कोणी पाठवत नाही, कारण स्टीलच्या टाकीत काय फोटो काढणार?

डुकराच्या हृदयाबद्दल तुम्ही विशेष विचारलंय, आणि तिथे मी सावधपणे आशावादी आहे. जानेवारी 2022 मध्ये अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात पहिल्यांदा असं हृदय माणसाला बसवलं. त्या डुकरात दहा बदल होते, आणि ते एकेक करून फळ्यावर लिहिण्यासारखे आहेत. डुकराच्या पेशींवर ज्या तीन शर्करा असतात, ज्या दिसताच माणसाचं शरीर हल्ला करतं, त्या बनवणारी तीन जनुकं बंद केली. वाढीच्या संप्रेरकाला प्रतिसाद देणारं एक बंद केलं, नाहीतर हृदय छातीत बसवल्यावरही डुकराच्या मापाने वाढत राहिलं असतं. आणि माणसाची सहा जनुकं घातली, प्रतिकारशक्तीला शांत ठेवायला आणि रक्त गोठू नये म्हणून. रुग्ण सुमारे दोन महिने जगला. नंतर तपासात त्या हृदयात डुकराच्या एका विषाणूचा माग सापडला. म्हणजे दहा जनुकं अचूक बदलली आणि अडचण आली ती अकराव्याच बाजूने. 2024 मध्ये 69 बदल केलेलं मूत्रपिंड एका रुग्णाला बसवलं. त्यातले 59 बदल नुसते डुकराच्या जीनोममध्येच लपून असलेले जुने विषाणू निकामी करायला होते. त्याच वर्षाच्या शेवटी दुसऱ्या एका रुग्णात डुकराचं मूत्रपिंड 130 दिवस चाललं, मग काढावं लागलं. याला यश म्हणायचं का, हे कोणासाठी मोजताय त्यावर आहे. डायलिसिसवर अवयवाची वाट पाहणाऱ्याला चार महिने कमी वाटणार नाहीत, पण कायमचा इलाज म्हणून ते अजून पुरत नाही. मला इथे आशा वाटते ती एका कारणाने: या कामाला साधा रस्ता नाही. मिसळायला पूड नाही. दान मिळालेले अवयव पुरत नाहीत, बस्स.

धोक्यांबद्दल तुम्ही थेट विचारलेलं नाही, पण मुलं विचारतीलच. ती बहुधा राक्षसी प्राण्यांबद्दल विचारतील. मला भीती त्याहून साध्या गोष्टींची वाटते. अमेरिकेत शिंगं न येणारे बैल जनुक संपादनाने तयार केले, सगळं नेमकं झालं असं जाहीरही झालं. 2019 मध्ये नियामक संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तोच जीनोम पुन्हा वाचला तर त्यात जनुक वाहून नेणाऱ्या जिवाणूच्या प्लास्मिडचा, म्हणजे डीएनएच्या छोट्या वर्तुळाचा, तुकडा, प्रतिजैविक-रोधी जनुकांसकट, चिकटलेला. तो तिथे असेल असं गृहीत धरून कोणी शोधलाच नव्हता.

आणि चेस्टनट. अमेरिकेतले हे वृक्ष गेल्या शतकात एका बुरशीने कोट्यवधींच्या संख्येने मारले. बुरशी ऑक्झॅलिक आम्ल सोडते आणि झाड पोखरते. गव्हाचं एक जनुक ते आम्ल मोडून टाकतं, म्हणून ते चेस्टनटमध्ये घातलं. डार्लिंग 58 नावाचा तो वाण परवानगीच्या उंबरठ्यापर्यंत पोचला. मग 2023 मध्ये कळलं की वर्षानुवर्षं चाचण्या होत असलेली झाडं 58 ची नव्हतीच, भलत्याच म्हणजे 54 क्रमांकाच्या वाणाची होती. कुठेतरी अदलाबदल झाली होती.

ही बातमी वाचून मी हसले नाही. उणे 80 अंशांच्या फ्रीझरमधून काढलेल्या नळीवर दव धरतं. ते पुसायला मी अल्कोहोल मारलं आणि मार्करची शाई त्याच बोळ्यावर उतरली. नळी 7 होती की 1? मी 7 धरून चालले. तीन महिने. शेवटी डीएनएचा अनुक्रम वाचून घेतला तेव्हा कळलं की जे प्रथिन मी इतक्या प्रेमाने शुद्ध करत होते ते नियंत्रणासाठी ठेवलेलं, काहीच न बदललेलं होतं. तेव्हापासून झाकणावर आणि अंगावर, दोन्हीकडे लिहिते, आणि दर वेळी काम सुरू करण्याआधी अनुक्रम वाचते. नवीन मुलांना पहिल्या दिवशी मी क्रिस्पर, म्हणजे जनुक कापून बदलायचं तंत्र, शिकवत नाही, चिठ्ठी लावायला शिकवते.

एका बाबतीत मात्र माझं मत डळमळतं, ते म्हणजे जीन ड्राइव्ह. नेहमीचं घातलेलं जनुक निम्म्याच पिलांकडे जातं. निसर्गात ते मालकाला जड असेल तर हळूहळू विरून जातं. फ्लोरिडात 2021 मध्ये सोडलेले डासांचे नर तसेच होते. त्यांची मादी पिल्लं मरतात, सोडणं थांबवलं की परिणामही ओसरतो. जीन ड्राइव्ह स्वतःची नक्कल समोरच्या गुणसूत्रावर करतो, म्हणून जवळजवळ सगळ्याच पिलांकडे जातो. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये 2018 मध्ये मलेरियाच्या डासांवर हे करून पाहिलं तर पिंजऱ्यातली सगळी वसाहत 7 ते 11 पिढ्यांत संपली. मलेरियाने मरणारी मुलं डोळ्यांपुढे आणली की वाटतं, सोडा एकदाचं. पण माझी सगळी कारकीर्द नळी फेकून नव्याने सुरू करता येण्यावर चालली आहे. इथे नळी परत मागवता येत नाही. कुठे सोडणार, सीमेपलीकडच्यांना विचारलं का, त्या डासावर आणखी कोण जगतं, यावर उत्तर बदलेल.

लुप्त झालेले लांडगे परत आणल्याच्या 2025 च्या बातमीवर मी फार शब्द घालवणार नाही. करड्या लांडग्याच्या जीनोममध्ये 20 बदल केलेले ते प्राणी आहेत. दोन जातींत लाखो फरक असतात. करड्या लांडग्याचा पांढरा, दांडगा प्रकार म्हणा.

तर मुलांनी पुढच्या वेळी फोटो दाखवला की त्यांना उत्तर देऊ नका, तीन गोष्टी शोधून आणायला लावा: नेमकं कुठलं प्रथिन बनतंय, ते शरीरात कुठे बनतंय, आणि तेच काम आणखी कशाने होतं. बहुतेक फोटोंची गंमत तिसऱ्या प्रश्नाला उलगडते.

आता वर्गातलं. हिरवे जिवाणू करण्याचे शैक्षणिक संच मिळतात. निरुपद्रवी ई. कोलाय, जीएफपीचं प्लास्मिड, अगर, सगळं आत असतं. पण शाळेत हे करायला परवानगी लागते का आणि कोणाची, हे देशोदेशी वेगळं आहे. ते आधी विचारा आणि शेवटी प्लेटा ब्लीचमध्ये बुडवून किंवा प्रेशर कुकरसारख्या निर्जंतुकीकरण यंत्रात घालूनच टाका. अतिनील दिव्याकडे मुलांना थेट बघू देऊ नका.

या संचांत जीएफपीचं जनुक बहुधा अॅराबिनोज नावाच्या साखरेच्या स्विचमागे असतं. त्याचा फायदा घ्या. तेच बदललेले जिवाणू दोन प्लेटांवर पसरा, एकीत अॅराबिनोज, दुसरीत नाही. मुलांना काही सांगू नका. दुसऱ्या दिवशी खोलीत अंधार करा आणि दिवा धरा. एक प्लेट हिरवीगार उजळेल, दुसरीवर तितकेच ठिपके, पण पांढरेच. मग कोणीतरी म्हणेल की मॅडम, या प्लेटला जनुक घालायचं राहिलं वाटतं. त्याच्या हातात काडी द्या, त्या पांढऱ्या ठिपक्यांतला एक उचलून अॅराबिनोजच्या नव्या प्लेटवर रेघ ओढायला सांगा आणि उद्या सकाळी सगळ्यात आधी त्यालाच दिवा धरू द्या.